गाणाऱ्यांचं वजन

टेबलावर एकोणीस पाकिटं होती, सात सुट्या नोटा, दोनशे चार नाणी, शर्टाचं एक बटण आणि आल्याची अर्धी चघळलेली गोळी. भाचीने गोळीसकट सगळं दोनदा मोजलं. मामांनी तिसऱ्यांदा मोजलं आणि खुर्चीत बसकण मारली.

त्याच सकाळी मुलांच्या वर्गाने अख्ख्या चर्चसमोर, बेंबीच्या देठापासून आकडे ओरडत, तीनशे नाणी दानाच्या थाळीत टाकली होती. थाळीतून पिशवीत आणि पिशवीतून खजिनदाराच्या खोलीत येईतो शंभरेक नाणी गळाली. खजिनदार मामा, किल्ली मामांकडे, म्हणजे संशय कुणावर हे शेंबड्या पोरालाही कळावं. समितीने पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. हिशेब लागला नाही तर मामांनी किल्ली ठेवून घरी जायचं. मामांना काढा म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज भोंग्याचा होता. गायकांमधला हा खर्जातला गडी नुसता बोलला तरी खिडक्यांच्या काचा थरथरत, म्हणून भोंगा.

मामांचं जेवणावरून लक्ष उडालं. भाचीने नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि माया दाखवायची तिची पद्धत म्हणजे प्रश्न विचारणं. पिशवी कोण आणतं? भोंगा. एकटाच? एकटाच, शेवटचं गीत गात, वेदीपासून बोळातून खोलीपर्यंत. पूर्वीपासून तसंच चालत आलंय.

"गाता गाता कोणी चोरी करतं का, शास्त्रीणबाई? सगळ्यांना ऐकू येत असतो की तो," मामा म्हणाले.

भाचीला असं हसू फुटलं की पाण्याचा घोट नाकात गेला. पाकिटांवर देणाऱ्यांची नावं असतात, नाण्यांवर नसतात, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. पण पुराव्याशिवाय भोंग्याच्या गायकाच्या झग्याला हात लावायचा नाही, अशी मामांची सक्त ताकीद होती.

मग रविवारी पार्सल कचेरीतला मोठा काटा उसना आला, दहा ग्रॅमपर्यंत बिनचूक. गायकांचा माळा करकरतोय, त्यावर किती भार पडतो ते उपासनेच्या आधी आणि नंतर मोजायचंय, असं पाळकबाईंनी जाहीर केलं. माळा खरोखरच करकरत होता, त्यामुळे त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. काट्यापुढे एकच गोंधळ उडाला. कुणी बूट काढले, कुणी कानातलं काढलं, एका मावशींनी श्वास रोखून धरला. श्वास रोखून वजन कमी होत नाही, हे भाचीने समजावलं, ते कुणाला पटलं नाही. आकडा मोठ्याने वाचलास तर बघ, असा दम मात्र तिला चौघींनी दिला. भोंगा झग्यासकट, छाती काढून उभा राहिला.

मुलांच्या वर्गाने आजही नाणी टाकली. भोंगा गीताचं पान शोधत होता तेवढ्यात पाळकबाई आणि भाची या दोघींनी मिळून वेदीपाशी काट्यावर पिशवी तोलली. मग शेवटचं गीत सुरू झालं, भोंग्याने पिशवी उचलली आणि गात गात तो बोळात शिरला. वळणावर त्याचा एक सूर जरा जास्तच लांबला. भाचीने रुमाल तोंडात कोंबला.

काटा आता खोलीच्या दाराशी ठेवला होता. मामा भिंतीला पाठ टेकून उभे होते, किल्ली मुठीत.

"आधी झगा तर उतरवू द्या," भोंगा म्हणाला.

"राहू द्या की. सकाळी झग्यासकटच मोजलं होतं," पाळकबाई म्हणाल्या.

"गाऊन गाऊन घामाची धार लागलीय, बाई. वजन कमीच भरणार माझं."

"हो, थोडं कमी व्हायलाच हवं," भाची अगदी आदराने म्हणाली. "उभे राहा ना, काका."

मागे गायकांची रांग लागली होती, बूट हातात घेऊन. भोंग्याला मागे फिरायला वाट नव्हती. पिशवी मामांच्या हाती देऊन तो काट्यावर चढला. त्याच्यानंतर पिशवी ठेवली गेली.

सकाळच्या मानाने भोंगा चारशे पन्नास ग्रॅमने जास्त भरला. वेदीपाशी होती त्यापेक्षा पिशवी चारशे नव्वद ग्रॅमने कमी भरली. मधले चाळीस ग्रॅम घामाचे.