नशातेल वगळून

कोबी वेंगरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, तो गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि पेन्सिलीने रेघ ओढून दाखवली. बुर्गडोर्फहून बर्न, बर्नहून फ्रिबूर, तिथून लोझान. दोन मुक्काम. येताना लोझान, फ्रिबूर, बर्न, घर.

लोट्टीने चष्मा लावून रेघ पाहिली. "ही सहल आहे होय? टपालपेटीत पत्र टाकून परत यावं तसं झालं हे. जायचं त्याच रस्त्याने, यायचंही त्याच रस्त्याने."

"चांगला रस्ता आहे."

"आणि नशातेल?"

"तिकडे रस्त्याचं काम चाललंय."

"कुठे?"

"सगळीकडे," कोबी म्हणाला.

लोट्टी त्याच्या बायकोची, मार्ग्रितची, धाकटी बहीण. मार्ग्रित सप्टेंबरात गेली तेव्हापासून ती दर गुरुवारी सूपचं पातेलं घेऊन यायची. या उन्हाळ्यातही तीन दिवस गाडीने देशाच्या फ्रेंच मुलखात जायचं, घरात बसून राहायचं नाही, हा हट्ट तिचाच होता. कोबीने मे महिनाभर आढेवेढे घेतले आणि शेवटी हो म्हटलं. पण नशातेल वगळून.

एकतीस वर्षं ही सहल मार्ग्रित ठरवायची. तिची एक चौकटीच्या कागदांची वही होती. कोणतं शहर, कुठे जेवायचं, गाडी कोणत्या झाडाखाली लावली म्हणजे सावली राहते, सगळं त्यात असायचं. शहरं बदलायची, पण पहिला थांबा कधी बदलला नाही. नशातेल, तळ्याच्या वरच्या गल्लीतलं मादाम पेर्नूचं घर. शाळा संपल्यावर मार्ग्रितला वडिलांनी वर्षभर त्या घरी ठेवलं होतं. तेव्हा आपल्या जर्मन भागातल्या मुलींना असंच पाठवत. फ्रेंच घरात मुलं सांभाळायची, फरशी पुसायची आणि बदल्यात भाषा शिकून यायची. मार्ग्रित फ्रेंच तर शिकलीच, वर मादामची झाली ती कायमची.

दर जुलैत त्या दोघी दुपारभर फ्रेंचमध्ये बोलत बसायच्या. कोबी शेजारी मुका. शाळेत त्यालाही पाच वर्षं फ्रेंच होतं, पण त्यातलं 'नमस्कार' आणि 'आभार' एवढंच उरलं होतं. मादामच्या तोंडून जर्मनचा एक शब्द कधी निघाला नव्हता. त्यामुळे तो मधून मधून मार्ग्रितकडे वळून आपल्या गावाकडच्या जर्मन बोलीत पुटपुटायचा. "केक यंदाही कोरडाच आहे." किंवा, "या कॉफीतून कपाचा तळ दिसतोय बघ." मार्ग्रित टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची. मादाम हसून त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढायची.

"पट्टी कुठे आहे?" लोट्टी उठली. "मी नीट रस्ता काढून देते. गोल फिरून येऊ."

"राहू दे, त्या खणात नाही—"

पण तिने खण उघडला होता. पट्टीखाली एक लिफाफा होता, करड्या काठाचा. वर मार्ग्रितच्या वहीतून उतरवलेला पत्ता, तिकीटसुद्धा लावलेलं.

लोट्टी लिफाफा हातात घेऊन उभी राहिली. "हे शोकपत्र. मादाम पेर्नूचं. पाठवलंच नाहीस?"

कोबीने नकाशावरचा एक कप उगाच थोडा सरकवला.

"एकशे वीस पत्रं आपण दोघांनी मिळून पाकिटांत घातली. मी स्वतः चिकटवली. हे का राहिलं?"

"जर्मनमध्ये आहे ते."

"मग?"

"मग काय? त्या घरी जर्मन पत्र कसं पाठवायचं? मार्ग्रितने पंचावन्न वर्षांत त्या बाईला एक ओळ जर्मन लिहिली नव्हती. म्हटलं, फ्रेंचमध्ये करून घेऊ कुणाकडून तरी. आठवडा गेला, महिना गेला. मग इतके दिवस का थांबलात याचं उत्तरही लिहावं लागणार, तेही फ्रेंचमध्ये."

लोट्टी खाली बसली. "म्हणजे तिला माहीतच नाही."

"नाही." कोबीने पेन्सिल खाली ठेवली. आता निम्मं सांगून भागणार नव्हतं. "नवीन वर्षाचं तिचं पत्र आलं, मार्ग्रितच्या नावाने. उत्तर नाही गेलं तर ती काळजी करेल म्हणून मी एक कार्ड आणलं. शुभेच्छा छापलेल्याच होत्या. मी खाली फक्त नावं लिहिली."

"नावं? किती?"

"दोन."

"अरे देवा, कोबी! ती गेल्यावर तीन महिन्यांनी तिचं नाव लिहून कार्ड पाठवलंस?"

"हात चालला तसं लिहिलं. एकोणपन्नास वर्षं दोन नावं लिहिलीत मी. पेटीत टाकलं तेव्हा कळलं. मेमध्ये पुन्हा पत्र आलं. जुलैत कधी येताय, केक करून ठेवते. एवढं मला वाचता येतं. आता तिच्या दारात मी एकटा जाऊन उभा राहिलो तर काय सांगू, आणि कशात सांगू?"

छपरं शाकारायच्या धंद्यात चाळीस वर्षं तो छपरांवर चालला होता, पावसाने निसरड्या झालेल्या कौलांवरूनसुद्धा. त्या बाईच्या तीन पायऱ्या मात्र त्याच्या छातीवर बसल्या होत्या. म्हणून तर रेघ फ्रिबूरवरून गेली होती.

लोट्टीने घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून वीस. बाराच्या आत फोन करायला हवा, मग जेवणाची वेळ, दीडपर्यंत कुणाच्या घरी करता यायचा नाही."

"तू बोल."

"मी? मलाही पाठवलं होतं एका घरी, आठवतंय ना? तीन आठवड्यांत रडत पळून आले. मला बादली, बटाटे आणि 'लवकर आवर' एवढंच फ्रेंच येतं. मार्ग्रितचा शब्दकोश आण."

वीस मिनिटं खपून त्यांनी पाच वाक्यं जुळवली. लोट्टीने ती मोठ्या अक्षरांत लिहिली. कोबीने दोनदा मोठ्याने वाचली आणि आणखी उशीर केला तर होणार नाही म्हणून नंबर फिरवला.

चौथ्या घंटीला मादामने उचलला. म्हातारा पण खणखणीत आवाज.

कोबीने वाचायला सुरुवात केली. "मादाम. मी कोबी, मार्ग्रितचा नवरा. मार्ग्रित सप्टेंबरात वारली. मी कळवलं नाही. कार्डावर तिचं नाव मी लिहिलं, मला माफ करा."

कागदावर आणखी काही नव्हतं. कोबीने हताश होऊन लोट्टीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

"बसा, कोबी," मादाम म्हणाली. "उभे असाल तर खाली बसा आधी. आणि आपल्या बोलीत बोला."

कोबी खरोखर खाली बसला. ती त्याच्या बोलीत बोलत होती. बर्नचीसुद्धा नव्हे, पार एमे नदीच्या खोऱ्यातली, त्याची आजी बोलायची तशी जुनी, जड बोली.

"तुम्हाला... येते?"

"माझी आई तिकडची. तिच्याशी मी हेच बोलायचे. मार्ग्रितला तिच्या वडिलांनी आणून सोडलं तेव्हा मला हात जोडून सांगितलं, या घरात पोरीला एक शब्द जर्मन ऐकू येता कामा नये, नाहीतर ती शिकणार नाही. मी कबूल केलं. वर्ष संपलं, पण सवय राहिली ती राहिली."

"आणि मार्ग्रितला ठाऊक होतं?"

"केव्हाचंच. मी एकदा तिला म्हटलं, सांगून टाकू या बिचाऱ्याला, तास तास गप्प बसून असतो. ती म्हणाली, मुळीच नको. मग तुम्ही दोघं गाई नाहीतर कौलं यांवर बोलत बसाल आणि वर्षातला माझा एक फ्रेंच दिवस फुकट जाईल."

कोबीला मार्ग्रितचा आवाज अगदी तसाच ऐकू आला. त्याने डोळे पुसले. लोट्टी त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती, तीही पुसत होती.

"ते कार्ड," तो म्हणाला.

"ते आलं त्याच दिवशी समजले. मार्ग्रित पान भरून लिहिते, समासातही लिहिते. इथे नुसती दोन नावं, तीही एकाच हातची. मी मेणबत्ती लावली तिच्यासाठी. पत्र पाठवणार होते, पण म्हटलं, याने दोन नावं लिहिलीत, म्हणजे याला अजून एकट्याचं नाव लिहिता येत नाही. थांबू या. मेमध्ये विचारलं ते मुद्दाम."

कोबीच्या छातीवर नऊ महिने बसलेलं ओझं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

"आता कधी येताय?" मादामने विचारलं. "मंगळवारी पायांची नखं कापायला बाई येते. बुधवारी या. शोकपत्र छापलं असेलच, येताना ते आणा, जर्मन असलं तरी चालेल, मला ठेवायचंय. आणि मार्ग्रित आणायची तो वेणी घातलेला लोण्याचा पाव आणा."

"तो मला येत नाही."

"मग शिका. सहा दिवस आहेत. आणि कोबी, माझ्या केकबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. एकतीस वर्षांचं."

फोन ठेवला तेव्हा बाराला चार मिनिटं होती. कोबीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काय म्हणाली शेवटी?" लोट्टीने विचारलं. "हसतोयस का रडतोयस, धड काय ते कळू दे."

त्याने सांगितलं. लोट्टी टेबलावर हात आपटून हसली, इतकी की एक कप घसरला आणि नकाशाचा तो कोपरा गुंडाळला.

"कॉफीचंही ऐकलं असेल तिने!"

"सगळं ऐकलंय. भिंतीवरच्या फोटोतल्या तिच्या नवऱ्याच्या टोपीबद्दलसुद्धा."

त्याने खोडरबर घेऊन फ्रिबूरवरून जाणारी रेघ पुसली. मग पट्टी लावून नवी काढली. घरून थेट नशातेल, तिथून तळ्याच्या कडेने लोझान, येताना फ्रिबूर. गोल झाली. मार्ग्रितच्या वहीत असायची तशी, पहिला थांबा नशातेल.

"पीठ तू मळायचंस," लोट्टी सूप गॅसवर ठेवत म्हणाली. "तेवढे दंड अजून आहेत तुझ्यात. वेणी मी घालायला शिकवते."

"आणि केक कोरडा असला तर?"

"तर खायचा आणि गप्प बसायचं."

"तेच तर जमलं नाही इतकी वर्षं," कोबी म्हणाला आणि कप उचलून नकाशाची घडी घालू लागला.