सावल्या पेरणारी चंपा

वाटूरच्या गिरिजाबाई साठी उलटल्यावर अक्षरं शिकल्या आणि आता जादूची गोष्ट लिहीत होत्या. गोष्टीतली चंपा लोकांच्या सावल्या रानात पेरायची. उद्या वाचनालयात गोष्ट वाचायची होती, पण शेवट जमत नव्हता. पूर्वी खुरपताना गोष्ट सांगितली की शेजारची बाई हुंकार द्यायची. कागद हुंकार देत नाही. म्हणून त्यांनी जुन्या सोबतिणीला, द्वारकाबाईंना, समोर बसवून वाचायला घेतलं.

"हूं... हूं," तूर पाखडत द्वारकाबाई म्हणत होत्या. चंपा ढगात उडाली आणि हुंकार थांबला.

"काय गं, झोपलीस का?"

"न्हाई. पर पेरून उडून गेली, मंग राखण कोण करील?"

"जादू हाय ना ती!"

"आसू दे. फुकटात उगवलं तर मला तिची काळजी कशाला वाटंल?"

गिरिजाबाईंनी उडण्याचं अख्खं पान खोडलं. सावल्या उगवेपर्यंत चंपाला आता उन्हात उभं राहावं लागलं, आणि तिची स्वतःची सावली रोज झिजत गेली. त्यांनी ते वाचलं, तसं द्वारकाबाईंचं सूप हातातच राहिलं.

"माय! धरा की कुणी तिच्यावर सावली!"

गिरिजाबाईंनी लगेच लिहिलं, की सारं गाव येऊन चंपाभोवती उभं राहिलं.

"द्वारके, तू होतीस म्हणून पुरी झाली गं गोष्ट. लई उपकार झाले."

"मंग चहा ठेव. साखर बराबर टाक."

गिरिजाबाई डोळे पुसत चुलीकडे गेल्या.