बाजरी वाढली

गावात गरीब कोण, हे ठरवायचं काम २००२ साली ललित सरांकडे आलं. सर रोज देवळाली कॅम्पहून मोटारसायकलवर सायखेड्याच्या अलीकडच्या त्या गावात यायचे आणि नाक मुरडतच शाळेत शिरायचे. सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते आणि प्रत्येकाला गुण होते. जास्त गुण पडले की माणूस गरिबीच्या वर. शाळेतल्या पोरांना सरांनी इतक्या सढळ हाताने कधी गुण दिले नसतील. वरून तंबीच होती, की गावात ठरलेली तेवढीच गरीब घरं निघाली पाहिजेत. म्हणजे गरिबी मोजायची नव्हतीच, छाटून मापात बसवायची होती.

चांगुणा विंचूरला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. नवरा सहादू कमरेने अधू होऊन घरी पडलेला आणि सासू तानुबाई म्हातारी. खळी बंद असली की घरात कमावणारं कोणीच नसायचं. गरिबांच्या यादीत नाव लागून पिवळं कार्ड मिळालं तर स्वस्त धान्यावर ते दिवस निघणार होते, नाहीतर लोकांच्या दारात उभं राहायचं.

सर घरात शिरले ते चपला न काढताच. कपडे किती, भांडी किती, पोटाला मिळतं का, असं खेकसत विचारत गेले. घरात धान्य किती, या प्रश्नाला चांगुणाने मोकळ्या डब्याकडे पाहिलं. दारात तानुबाई बसलेली. भरल्या घरात संपलं हा शब्द काढायचा नाही, बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, हे तिने सुनेला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं.

"बाजरी वाढली, सर," चांगुणा हळूच म्हणाली.

"वाढली?"

"व्हय, कालच वाढली."

सरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. हा माणूस काही विलायतेतून आला नव्हता, त्याला सगळं कळत होतं.

पुढे मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली आणि यादी वाचली गेली. चांगुणाचं नाव त्यात नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा सरांनी तिचा सर्वेक्षणाचा कागद काढून मोठ्याने वाचला, की धान्य वाढलं असं बाईंनी स्वतः सांगितलंय. पारावरची चार टाळकी फिदीफिदी हसली. चांगुणाच्या अंगाची आग झाली. धान्य सरलं की तुमची आई घरात काय म्हणते, असं तिने सरांना तोंडावर विचारलं. त्यावर ते म्हणाले, की माझ्या आईचा या कागदाशी काही संबंध नाही.

रावजी सरपंचांना जेवायला घरी जायचं होतं. सरळ शब्दात सांग आणि विषय मिटव, असं त्यांनी फर्मावलं. तानुबाई खाली बसून सुनेचा पदर ओढत होती. चांगुणाने तो हिसकून घेतला.

"बाजरी संपली. डबा मोकळा हाय. घरात दाणा नाय."

तानुबाईने कपाळावर हात मारून घेतला. मागच्या बायका कुजबुजल्या, एकीने तर कडाकडा बोटं मोडली. चांगुणाला आता कुणाचीच पर्वा नव्हती.

सरांनी शांतपणे पेनाचं टोपण उघडलं. "घालतो तुमचं नाव. पण आकडा ठरलेला आहे. एक घालायचं तर एक काढावं लागेल. कुणाचं काढू, ते तुम्हीच सांगा."

यादीतल्या बायका खाली पाहायला लागल्या. यादीत मातब्बरही होते, पण ज्याच्या मनगटात जोर त्याचं नाव घेण्याची कुणाची छाती नव्हती, चांगुणाची तर नव्हतीच. तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून सुमनबाई बसली होती. विधवा बाई, मागेपुढे कोणी नाही. यादीत तिचं नाव होतं.

"सुमनबाईचं काढा," चांगुणा म्हणाली.

सुमनबाईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कारण सांगा," सर म्हणाले.

"काल रातीला तिनं मला शेरभर पीठ दिलं. उसनं बी नाय, तसंच दिलं. जिच्या घरात दुसऱ्याला द्यायाला हाय, ती गरीब कशी?"

सरांना ते पटलं. त्यांनी सुमनबाईच्या नावावर आडवी रेघ मारली.