सिदातीच्या हातातला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना, ते सांगून उपयोग नाही. तो आकडा ऐकून माणसे ‘अरे बापरे’ म्हणतात आणि लगेच विसरतात. तुमची ही पृथ्वी अजून व्हायची होती तेव्हा मी झालेलो होतो, एवढे धरून चाला. त्याचा मला अभिमान वगैरे नाही. खरे सांगायचे तर मला फारसे काही वाटतच नाही. इतका काळ थंडीत काढल्यावर कोणाचेही असेच होईल.

माझ्या घडण्यात सांगण्यासारखे थोडे आहे. धूळ होती, ती गोळा झाली. तिच्यात थोडे पाणी मुरले, काजळीसारखे काही मुरले, आणि मी एका मोठ्या खडकाचा भाग झालो. पुढे तो खडक कशावर तरी आपटला आणि मी सुटलो. मग फिरत राहिलो. तिथे सकाळ होत नाही, संध्याकाळ होत नाही, कोणी हाक मारत नाही. तेव्हा माझ्या पोटात काही जिवंत होते का, असे पुढे मला अनेकांनी विचारले. मला ठाऊक नाही. तुमच्या पोटात आत्ता काय चालले आहे ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक असते?

एका दुपारी मी पृथ्वीवर पडलो. मोठा धडाका झाला, बाहेरची साल वितळून काळी झाली, तुकडे उडाले. आतून मात्र मी गारच राहिलो. मी पडलो ते ओग्लात सल्माजवळ; ही सहाराच्या कडेची, मोरोक्कोच्या दक्षिण टोकाची वस्ती. मातीची थोडी घरे, एक विहीर, शेळ्या आणि उंट. तिथली माणसे असल्या दगडांच्या मागावर असतात, म्हणून ती खाली बघत चालतात. लहबीब नावाच्या माणसाने धडाका ऐकला आणि ऊन उतरायच्या आत मला शोधून काढले. माझे बाकीचे तुकडे इतरांना सापडले आणि व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून कुठे कुठे गेले. मीही गेलोच असतो. पण लहबीबने मला आधी बापाच्या हातात दिले.

बापाचे नाव सिदाती. जन्मभर उंटांमागे चाललेला हा माणूस आता अंथरुणाला खिळला होता. डोळे गेले होते, पाय गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती.

“हा कुठला रे?” त्याने मला चाचपत विचारले.

“आकाशातून पडलाय, बाबा. मघाशी आवाज झाला ना, तोच.”

“म्हणजे यावर कुणाचा पाय पडला नाही.”

“नाही.”

“शेळी लेंड्या टाकून गेली नाही.”

“अहो, आत्ता तर पडलाय!”

“मग हा माझा. तू दुसरा शोध.”

नमाजाच्या आधी हातपाय धुवायचे असतात. ज्याला पाणी मिळत नाही किंवा आजारपणामुळे सोसत नाही, त्याने स्वच्छ मातीवर किंवा दगडावर तळवे टेकवायचे आणि ते तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. त्याला तयम्मुम म्हणतात. तिकडच्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी असा एक दगड असतो. सिदातीच्या उशाशी मी आलो.

वस्तीचे मौलवी दाहमान चहाला आले, तेव्हा त्यांनी शंका काढली. “सिदाती, तयम्मुम करायचं ते जमिनीवर. हा दगड जमिनीचा आहे का? हा तर वरून आलाय.”

“पडला कुठे?”

“जमिनीवर.”

“मग जमिनीचा झाला. मौलवी, तुम्ही तरी कुठे इथले? लग्न करून आलात आणि आमच्या मशिदीत जाऊन बसलात. आम्ही काढली का शंका?”

मौलवी इतके हसले की त्यांच्या हातातल्या पेल्यातला चहा सांडला. “बरं बाबा, चालव तुझा दगड. चुकलं तर वर जाऊन तूच भांड.” मी या पृथ्वीचा की परका, याचा निकाल असा लागला. पुढे मोठमोठ्या माणसांनी हाच वाद माझ्यावरून घातला, पण इतक्या झटपट कोणी मिटवला नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. दिवसातून पाच वेळा दोन तळवे माझ्यावर टेकत. ते कोरडे, भेगाळलेले आणि ऊबदार होते. मी मुळात ठिसूळ जातीचा. माझी काळी साल झिजू लागली आणि सिदातीच्या कपाळाला काजळी लागू लागली. त्याची मुलगी सालका नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी राहत होती. बापाचे सगळे तीच करी. ती त्याला चिडवायची, “बाबा, आज काजळ जरा जास्तच झालंय. कुणी मुलगी बघायला येणार आहे का?” आणि तो म्हणायचा, “येऊ दे, येऊ दे. तिलाही दिसत नसेल तरच जमेल.”

मला त्या वर्षांत काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काही नाही. पण आधी कधी कोणी मला रोज हात लावला नव्हता, एवढे नोंदवून ठेवतो.

नंतर एके दिवशी डॉक्टर हनान आल्या. या कासाब्लांकाच्या प्रयोगशाळेत दगडांचा अभ्यास करतात. लहबीबने त्यांना बाहेरच्या तंबूत बसवले. भिंतीपलीकडून मला सगळे ऐकू येत होते.

“त्या दिवशी पडलेल्या दगडाचे बाकीचे तुकडे आम्ही बघितलेत,” हनान म्हणाल्या. “ज्या पदार्थांपासून जीव घडतो, ते त्यांच्यात आहेत. आता काही लोकांचं म्हणणं असं, की जीव पृथ्वीवर झालाच नाही. असल्या दगडांच्या पोटात बसून तो वरून आला आणि इथे रुजला. काही म्हणतात, छे, वरून आला तो नुसता कच्चा माल.”

“तुमचं काय म्हणणं?”

“माझं काही म्हणणं नाही, म्हणून तर आलेय. बाकीचे तुकडे पावसात भिजलेत, बाजारात शंभर जणांनी हाताळलेत. त्यांच्यात काही सापडलं तरी ते वरचं की इथलं, कसं कळणार? तुम्ही म्हणे त्याच दिवशी एक उचलला होता.”

लहबीबने चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. मग त्याने विचारले, “त्या दगडाला नाव काय द्याल?”

“जिथे पडला त्या जागेचं देतात. तुमच्या वस्तीचं नाव लागेल.”

तिथेच तो घसरला. पैशाचा लोभ त्याला नव्हता. पण ओग्लात सल्मा हे नाव कुठल्याही नकाशात नाही, फलकावर नाही, आणि ते जगभर छापून येणार होते. “आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “कापडात गुंडाळून पेटीत ठेवलाय. कुणाचा हात लागलेला नाही.”

बापाला विचारावे असे त्याच्या मनात आले असेल. पण आंधळ्या, खिळलेल्या म्हाताऱ्याला हे सगळे कोण समजावणार, आणि तो नाही म्हणाला तर? सिदातीचा डोळा लागला होता. लहबीबने मला उचलले आणि माझ्याच मापाचा एक काळा दगड जागेवर ठेवला. सालका तेव्हा विहिरीवर होती.

प्रयोगशाळेत माझे करवतीने दोन भाग केले. दुखले नाही. माझ्या सालीखालच्या भेगांतला भुगा काढून तपासला आणि त्यातला थोडा काचेच्या बशीत ठेवून झाकला. काही दिवसांनी त्या बशीत पांढरे ठिपके उमटले. ते वाढत होते, म्हणजे जिवंत होते.

हनान त्या बशीसमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी लहबीबला फोन लावला. “नीट आठवा. कुणी हात लावला होता का?” तिकडून तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा नाही. ठिपके अगदी साधे, पृथ्वीवर कुठेही आढळणाऱ्या जातीचे होते. मी अस्पर्शित असेन, तर याचा अर्थ फार मोठा होता. माणसे, शेळ्या, गवत, सगळ्यांचे मूळ वरचे. हनाननी अजून कोणाला सांगितले नव्हते, पण त्यांना जेवण जात नव्हते.

तेवढ्यात सालका आली. लहबीबकडून पत्ता काढून, बसने, धुळीने भरलेली, पदर आवळून. तिने टेबलावर मला पाहिले, माझे दोन तुकडे पाहिले आणि तिथेच खुर्चीत बसली.

“हा माझ्या बाबांचा दगड आहे,” ती म्हणाली. “मी न्यायला आलेय.”

“पण तुमच्या भावाने स्वतः दिला.”

“दिला असेल. त्याचा नव्हता. बाई, तो दुसरा दगड ठेवून गेला. बाबांनी तळवे टेकवले आणि त्यांना लगेच कळलं.  संध्याकाळी मला म्हणतात, न विचारता हातातलं काढून घेतात ते मेलेल्या माणसाच्या. सालका, मी मेलोय का? तेव्हापासून लहबीबच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या हातचे दोन घास खातात, तेही मी रडते म्हणून.”

हनानचा चेहरा उतरला. “टेकवले म्हणजे? रोज हात लावायचे?”

“पाच वेळा. ते पडून आहेत तेव्हापासून.”

“आणि तो पेटीत?”

“कसली पेटी? उशाशी असायचा.”

 सालकाचे लक्ष बशीकडे गेले. “हे काय वाढलंय?”

“हे दगडातून निघालं.” हनान हसू लागल्या, पण ते हसू काही खरे नव्हते. “माणसाच्या कातडीवर असतं हे. मी तुमच्या बाबांना शोधून काढलंय, आणि जगाला सांगणार होते की ते आकाशातून आले.”

“त्यांना सांगू नका,” सालका डोळे पुसत म्हणाली. “मौलवींपुढे फार मिरवतील.”

यावर मात्र दोघी खऱ्या हसल्या. मग हनाननी माझा एक अर्धा भाग स्वच्छ कापडात बांधून तिला दिला. दुसऱ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “याच्या पार मधल्या गाभ्यात कदाचित अजून काही शिकण्यासारखं असेल. पण बाबांना विचारा. नको म्हणाले तर हाही पाठवते. आणि विचारायला मी तेव्हाच आत यायला हवं होतं, हेही सांगा.”

मी घरी आलो. सिदाती फार रोडावला होता. सालकाने मला त्याच्या हातात दिले. त्याने झिजलेली बाजू ओळखली, मग कापलेल्या गुळगुळीत बाजूवरून बोटे फिरवली.

“अर्धा आहे.”

“दुसरा तिथल्या डॉक्टरबाईंकडे आहे, बाबा. जीव पृथ्वीवर आकाशातून आला का, ते बघतायत. ठेवून घेऊ का म्हणून तुम्हाला विचारलंय.”

“मला विचारलंय?”

“तुम्हालाच.”

त्याने मला छातीवर ठेवले. लहबीब दाराशी उभा होता. आत यायचे धैर्य त्याला होत नव्हते.

“ठेवा म्हणावं,” सिदाती म्हणाला. “चांगलं काम आहे.” मग आवाज चढवून दाराकडे तोंड केले. “लहबीब, तू विचारलं असतंस तर मी अख्खा दिला असता. मला माती चालते. भिंत चालते. दगडावाचून काय अडलं होतं माझं?”

लहबीबला रडू फुटले. सिदातीने त्याला रडू दिले. मग म्हणाला, “भूक लागलीय. काय केलंय ते आण.” लहबीबने जवाची पेज आणली आणि चमच्याने भरवली. “मीठ कमी आहे,” म्हाताऱ्याने कुरकूर केली आणि वाडगा संपवला.

माझ्या दुसऱ्या अर्ध्याचे काम अजून चालू आहे म्हणतात. जीव वरून आला की इथेच झाला, याचा निकाल लागलेला नाही. लागेल तेव्हा तुम्हाला कळेलच. मला त्याची उत्सुकता नाही. माझ्या जातीचा एखादा दगड कधीकाळी जीव घेऊन आलाही असेल, पण माझ्या आत जीव सापडला तो एका म्हाताऱ्याच्या तळव्यांचा, एवढेच मी खात्रीने सांगू शकतो.

पुढच्या हिवाळ्यात, सकाळच्या नमाजानंतर, सिदाती गेला. त्याचा तळवा माझ्यावरच होता. तो हळूहळू गार झाला. गारठा मला नवा नव्हता, तरी या वेळी मला तो कळला.

माणसे जमली. अंघोळ घालायची होती, हात मोकळे करायला हवे होते. मौलवी दाहमान लहबीबला म्हणाले, “घे तो दगड, बाळ.” लहबीब बापाजवळ गुडघे टेकून बसला. त्याने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. मग वाकून बापाच्या कानाशी म्हणाला, “बाबा, घेऊ का?”

तो थांबून राहिला. सगळे थांबले. कोणी त्याला घाई केली नाही. शेवटी सालकानेच मला बाजूला काढले.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, दगडाला काही होत नाही. पण कोणाच्या हातातले काही घ्यायचे असेल, तर त्याला ऐकू येते आहे तोवर विचारा.