डाव्या चाकात अडकलेला मी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. अलीकडे माझी मलाच ओळख नीट पटत नाही, तिथे तुमचा काय दोष? मी एक जुना एक्सल आहे. एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात माझा सारा जन्म गेला. माझं एक टोक गिअरबॉक्समध्ये असायचं आणि दुसरं चाकाच्या हबमध्ये. हब म्हणजे चाकाच्या मधला तो जाड लोखंडी भाग, ज्यावर चाक बसतं. इंजिन मला फिरवायचं, मी चाकाला फिरवायचो आणि गाडी पुढे जायची. इतकं सोपं काम होतं. तरी शेवटी सगळा घोटाळा झालाच.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, आणि माझ्या टोकाला बारीक दाते कापले. तिथला एक माणूस मला हातात घेऊन म्हणाला होता, "दाते घट्ट बसले पाहिजेत, सुटता कामा नयेत." आयुष्यात मला मिळालेला तेवढा एकच उपदेश. मी तो मनावर घेतला. धरायचं आणि सोडायचं नाही, असं ठरवूनच मी हबमध्ये शिरलो.

बरीच वर्षं शहरात फिरून आमची गाडी डोंगरकडा नावाच्या गावी रखमाजींच्या घरी आली. रखमाजींकडे मेंढरं होती, थोडी शेती होती. त्यांचा मुलगा प्रभू दिवसभर मेंढरांमागे रानात असायचा. गाडी चालवायची ती त्यांची सून अंजली. गावोगाव जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचायचं काम तिने धरलं होतं. बर्फाच्या डब्यात लस घेऊन ती अशा वाड्यांवर जायची की जिथे एसटी काय, धड रस्ताही नव्हता. एकदा ओढ्याच्या चिखलात आम्ही पार रुतलो. अंजलीने दात-ओठ खाऊन गाडी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी रतनसिंग मिस्त्री वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "एक्सल दमदार हाय बरं का. कसं घट्ट धरून हाय." काय सांगू तुम्हाला, मी आठवडाभर हवेतच फिरत होतो.

आता रखमाजींच्या घरची एक रीत सांगतो. ती मला तेव्हाही कळली नाही आणि पुरती आजही कळत नाही. दर अमावास्येला ते मेंढरांना खडेमीठ चारायचे. त्या मिठाची गोणी वसमतच्या बाजारातून गाडीनेच यायची. पण मिठाकडे पाठ करून बसायचं नाही, असा त्यांचा नेम. म्हणून गोणी मागे ठेवायची नाही. ती बसायची पुढे, डाव्या सीटवर, पाहुण्यासारखी. आणि रखमाजींची बायको भागाबाई बसायची मागे. "मिठाला मान हाय, मला न्हाई," असं ती दर खेपेला म्हणायची आणि तरी मुकाट मागे जाऊन बसायची. घरी आल्यावरही गोणी तिथेच राहायची, लागेल तसं मीठ काढून घ्यायचे.

पावसाळ्यात माझ्या अंगावर वरून थेंब पडायचे. पाऊस थांबला तरी पडायचे. कुठून यायचे कुणास ठाऊक! मला वाटायचं, गाडीला घाम येत असेल. त्यातच आणखी एक नवल. रखमाजींचा मोठा एडका, म्हणजे मेंढा, होता, त्याला सगळे कोतवाल म्हणायचे. तो सुटला की थेट माझ्या चाकापाशी यायचा आणि आतपर्यंत जीभ घालून चाटत राहायचा. उजव्या चाकाकडे ढुंकूनही बघायचा नाही. मी मनात म्हणालो, चला, एका जिवाला तरी आपली माया आहे.

मग माझ्या सांध्यावरची रबरी टोपी फाटली. आत माती गेली, ग्रीस बाहेर गेलं. गाडी वळली की मी कटकट आवाज करू लागलो. तो माझा ओरडा होता, मित्रांनो! पण रखमाजी म्हणाले, "म्हातारी झाली गाडी. बोलनारच." आणि विषय संपला. असाच एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. शेवटी उन्हाळ्यात एके दिवशी गाडी वळणावर थांबली ती पुढे जाईचना.

गाडी ढकलत घरी आणली आणि रतनसिंगला तिथेच बोलावलं. त्याने चाक काढलं, नट काढला, आणि लाकडाचा ठोकळा लावून माझ्या टोकावर हातोडा मारला. मी गांगरलोच. हे काय? ज्याने शाबासकी दिली तोच मारतोय? मी सवयीप्रमाणे आणखी घट्ट धरलं. मला वाटलं, माझी परीक्षा चालली आहे.

"मागं बदलला तवा उजवीकडचा दोन टोल्यात निघाला व्हता," रतनसिंग घाम पुसत म्हणाला. "ह्ये डावं काहून अडून राहिलं?"

त्याने डिझेल ओतलं, पुलरचे आकडे अडकवून ओढलं, पुन्हा ठोकलं. मी तसूभरही हललो नाही. तेव्हा माझं लक्ष अंगणातल्या बाजेकडे गेलं. तिथे कागदात गुंडाळलेला एक एक्सल पडला होता. हुबेहूब माझ्यासारखा! अंगावर गंज नाही, टोपी नवीकोरी. हा इथे कशाला आला? एका चाकात दोन एक्सल कसे बसणार? डोक्यात प्रकाश पडायला मला बराच वेळ लागला, आणि पडला तेव्हा कळलं, तो माझ्याच जागी बसायला आला होता.

तेवढ्यात रखमाजी म्हणाले, "अंजली, म्या उत्तमसिंग भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तो टेम्पो घेऊन येऊन राहिला. तो येईपर्यंत निघालं तं ठीक. न्हाई तं गाडी जाऊ दे त्याच्यासंगं."

"मामा, असं काहून म्हंता?" अंजली पुढे होऊन म्हणाली. "पाऊस तोंडावर हाय. पावसाआधी लस टोचली न्हाई तं मेंढरं पटापट मरत्यात. मागच्या साली मला पोचाया उशीर झाला, तं वाडीवरल्या चंदाबाईची कोकरं माह्या डोळ्यांदेखत गेली. पायी गेले तं वाटंतच बर्फाचं पानी व्हईल."

रतनसिंग म्हणाला, "गॅसनं कापता येतंय. पन त्याच्यासंगं हब बी जाईल. एवढ्या जुन्या गाडीचं हब कुठून आनायचं?"

आता बोला! जन्मभर घट्ट धरल्याबद्दल शाबासकी आणि आता घट्ट धरल्याबद्दल शिव्या. धरून राहिलो तर गाडी भंगारात, आणि गाडीबरोबर मीही. सोडलं तर गाडी जगते आणि मी एकटा बाहेर. करायचं काय माणसाने? म्हणजे, एक्सलने? पण अंजली चाकाजवळ मटकन खाली बसली आणि माझ्या टोकावर हात ठेवून नुसती बघत राहिली. तेव्हा मी ठरवलं, सोडायचं. जीव लावून सोडायला गेलो आणि माझे डोळेच पांढरे झाले. मला सुटताच येईना! मग इतके दिवस मी धरलं होतं की मला कुणी धरून ठेवलं होतं, हेच मला समजेना.

दुपारी प्रभू मेंढरं पाण्यावर घेऊन आला. कोतवाल कळपातून निघाला आणि नेहमीसारखा सरळ माझ्याकडे. डिझेलच्या वासाने फुरफुरला, पण जीभ काही आवरेना. हबच्या मागच्या बाजूने आणि वरच्या पत्र्यावर तो चाटू लागला.

"हाकला त्याला," रतनसिंग वैतागून म्हणाला.

"थांबा," भागाबाई म्हणाली. चुलीपुढून उठून ती जवळ आली. "ह्ये रोज डावंच चाटतंय. उजवं काहून चाटत न्हाई?"

तिने पत्र्याखाली बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"अगं बाई! मीठ हाय की ह्ये!"

सगळ्यांनी एकदम पुढच्या सीटकडे पाहिलं. तिथे गोणी आरामात बसलेली. रतनसिंगने गोणी उचलली, खालचं पायपुसणं ओढलं, तर पत्र्याला हे एवढं भोक! ओल धरून मीठ सुटत होतं आणि त्याचं पाणी थेंब थेंब माझ्यावर पडत होतं. घाम कसला न् काय! मिठाने माझे दाते आणि हब गंजून एक झाले होते.

"डिझेलात मीठ विरघळतंय व्हय?" भागाबाई म्हणाली. "पानी उकळून आना."

"काकी, लोखंडावर पानी टाकलं तं अजून गंजंल."

"गंजायचं काय शिल्लक ठिवलंय रे बाबा?"

अंघोळीच्या हंड्यात पाणी उकळलं. अंजलीने तांब्या तांब्याने ते हबवर ओतलं. पांढरं, मग तांबडं पाणी खाली वाहिलं. हब तापला, जरासा सैल झाला. आता पुन्हा ओतलेलं डिझेल आतवर झिरपलं. रतनसिंगने हातोडा उचलला तेवढ्यात दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. अंजलीने डोळे मिटले. एक टोला बसला, आवाज बदलला. दुसऱ्या टोल्याला मी सरकलो आणि बघता बघता बाहेर आलो. अंजली हसत होती आणि रडतही होती. मीही काहीतरी करत होतो, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

उत्तमसिंगने नवा एक्सल बसताना पाहिला आणि तो समजून चुकला. "रखमाजीभाऊ, गाडी न्हाई तं ह्यो जुना एक्सल तरी द्या."

रखमाजींनी मला जमिनीवरून उचललं. "ह्यो न्हाई द्यायचा," ते म्हणाले. "त्याचा काही गुन्हा न्हाई. म्या मिठाचा मान ठिवला, आन् त्याच्या खाली कोन हाय ते बघितलंच न्हाई."

अंजली पाऊस पडायच्या आत वाडीवर पोचली. चंदाबाईची यंदाची कोकरं उड्या मारतात म्हणे. मीठ आता झाकणाच्या डब्यात असतं. डबा मात्र पुढच्याच सीटवर बसतो आणि भागाबाई मागे. मला लोहाराने टोक काढून दिलं आणि रखमाजींनी अंगणात खुंटा म्हणून रोवलं. कोतवाल मलाच बांधलेला असतो. पुन्हा घट्ट धरायचं काम!

मित्रांनो, तुमच्या घरातली गाडी, पंप, सायकल, काहीही कुरकुरलं तर म्हातारं झालं म्हणून सोडून देऊ नका. फाटलेली टोपी वेळेवर बदला. आणि एखादा हट्टाने अडून बसलेला दिसला, तर हातोडा उचलण्याआधी त्याला कशाने धरलंय ते एकदा वाकून बघा.

एवढं मला कळलं. एक गोष्ट मात्र अजून कळत नाही. अंजलीने मला गरम पाण्याने घासून धुतलं, तेल लावलं. माझ्या अंगावर आता मिठाचा कणसुद्धा नाही. तरी कोतवाल रोज सकाळी उठतो, माझ्याजवळ येतो आणि मला चाटत बसतो.