बिनपाण्याची झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. माझ्या बुडाला भोकं आहेत आणि कित्येक वर्षांत माझ्यातून कुणी कुठल्या झाडाला पाणी घातलेलं नाही. तरीही मी नोकरीत आहे. असं भाग्य सरकारी खात्यांबाहेर फारसं कुणाला लाभत नाही.

माझा जन्म बंगळूरच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात झाला. पद्मनाभराव तिथे पत्र्याचं काम बघायचे. ब्याण्णव साली निवृत्त होताना त्यांनी उरलेल्या जस्ती पत्र्यातून मला कापलं, वाकवलं, सांध्यांना डाख दिला आणि तोंडाला बारीक चाळण बसवली. निरोप समारंभात मिळालेल्या घड्याळाकडे ते जितकं पाहत, त्याहून जास्त माझ्याकडे पाहत.

राजाजीनगरच्या घरी रोज सकाळी आंघोळ झाली की आधी तुळस, मग जास्वंद, मग शेवंती. झाडं प्यायल्याशिवाय राव कॉफीला हात लावत नसत. घराणं मूळचं निपाणीकडचं. बंगळूरला येऊन ते कॉफी शिकलं, पण पंगतीचे नियम विसरलं नाही. पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला वगळायचं, याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि राव त्याला पाप मानत. माझी धार सगळ्यांवर सारखी पडायची. ते दिवस आठवले की अजून माझा पत्रा गार होतो.

मग त्यांच्या पत्नीनं, अनुसूयाबाईंनी, लालबागच्या पुष्पप्रदर्शनातून सेडम नावाच्या रोपाची बोटभर फांदी आणली. तांदळाच्या दाण्यांसारखी जाड, हिरवी पानं. बाईंनी कंपाउंडच्या भिंतीलगत वाळू, खडी आणि विटांचे तुकडे घालून उंच वाफा केला. सेडमच्या सोबतीला पानफुटी आणि कोरफड लावली. दोन वर्षांत सेडमनं सगळी खडी झाकली आणि वर पिवळ्या चांदण्या उमलल्या. येणारी-जाणारी माणसं फाटकाशी थांबू लागली. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण ते असो.

"यांना तुमची झारी नको," बाई म्हणाल्या. "ही पानांतच पाणी साठवतात. माती पार सुकली की मी बघीन."

"अगं, शेजारची शेवंती पिते आणि ही नुसती बघत बसतात."

"बसू देत."

एका पावसाळ्यात बाई भाचीच्या लग्नासाठी महिनाभर हुबळीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "बाकी काय हवं ते करा, तेवढ्या वाफ्याला पाणी घालू नका." पहिल्या सकाळी राव मान वळवून वाफ्यावरून पुढे गेले. दुसऱ्या सकाळी थांबले. तिसऱ्या सकाळी वाफ्याला म्हणाले, "थोडंसंच हं." आणि मला वाकवलं.

पानं टम्म फुगली. रावांनी शेजारच्या धनलक्ष्मीला कौतुकानं भिंतीपाशी बोलावलं.

"अण्णा, अक्का गावाला गेल्या म्हणून रोज लग्नाचं जेवण वाढता काय यांना? स्वल्प कमी करा."

"बघ तरी, कशी टवटवीत झाली आहेत."

"टवटवीत नाही अण्णा, सुजलीत."

पुढे पानं काचेसारखी झाली, देठ काळे पडले. बिचारी तहानली असतील, असं समजून रावांनी आणखी वाढलं. बाई परतल्या तेव्हा वाफ्यात शिळ्या पालकाच्या भाजीसारखं काहीतरी पसरलं होतं. त्या पिशवी न ठेवता पायरीवर बसल्या.

संध्याकाळी बाईंना भिंतीच्या माथ्यावरच्या एका फटीत सेडमची तुटून पडलेली फांदी सापडली. सुरकुतलेली, पण जिवंत.

"हे पंगतीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी खिळा आणि हातोडी मागितली. फरशीवर मला पालथं घातलं.

"अगं, मी हातानं केलीय ती," राव म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर तिच्यात लावते."

खिळा बुडात शिरला तेव्हा मला वाटलं, भंगारवाला आलाच. पण त्यांनी माझ्यात खडी भरली, वाळू-माती घातली, वर ती एकुलती एक फांदी टोचली आणि मला भिंतीवर ठेवलं.

"आणि बाकीच्यांना मी पाणी कशानं घालू?"

"तांब्यानं. दर तांब्यामागे नळापर्यंत फेरी मारताना गुडघे जरा विचार करायला लावतील."

फांदी जगेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. राव रोज तांब्या घेऊन समोर उभे राहत, हात उचलत आणि तसेच मागे फिरत. हा माणूस इतका हळवा असेल, असं मला कारखान्यात वाटलं नव्हतं. शेवटी एका सकाळी फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसला. राव कॉफी न घेताच बाईंना उठवायला गेले.

आता सेडम माझ्या काठावरून सांडतं. एक फांदी तर चाळण गळून पडलेल्या नळीतून बाहेर डोकावते. "झारीतला शुक्राचार्य," असं राव पाहुण्यांना गंभीरपणे सांगतात. माझ्यातल्याच फांद्यांनी खालचा वाफा पुन्हा भरला. अजूनही रोज आंघोळीनंतर राव येतात, मातीत बोट खुपसतात, ओल लागली की बोट धोतराला पुसून निघून जातात.

मित्रांनो, हातात भरलेला तांब्या असला की समोरचा प्रत्येक जण तहानलेलाच दिसतो. म्हणून आधी बोटानं माती बघा. पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये म्हणतात. माझ्याकडे मात्र तसेच या.