रतनबाईंच्या दारातला बाक

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना बाक आहे. वडवणीजवळच्या एका गावात पत्र्याचे छोटेसे चर्च आहे, तिथलाच मी. त्रिंबक सुताराने मला असा ठोकला की चार धट्टीकट्टी माणसे बसली तरी मी हूं की चूं करत नसे. वीस वर्षे मी पहिल्या रांगेत होतो आणि त्याचा मला ताठा होता, खोटे कशाला बोलू!

मग गावात एसटीडीची पिवळी पाटी लागली, केबल आली. त्या साली बायबल शिकवणाऱ्या रूथबाई मंडळींच्या बैठकीत म्हणाल्या, "टीव्ही घरोघरी आला, पर मानसाचं आयकणारं कुनी न्हाई. लोकं चर्चात येत न्हाईत, तर आपुनच बाक भाईर ठिवू. धर्म इचारायचा न्हाई. शेजारी बसायचं अन् आयकायचं."

झाले! पहिल्या रांगेतून मी थेट रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली आलो. आधी मला राग आला. पण महिन्याभरात सायकलवाले दस्तगीरभाईसुद्धा येऊन बसू लागले. माणसे जड मनाने बसत आणि हलकी होऊन उठत. रूथबाईंचे मला फार कौतुक वाटू लागले.

एके दिवशी भाजी विकणाऱ्या रतनबाई आल्या. त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी विहिरीत पाय घसरून गेली होती. त्या म्हणाल्या, "पान्याची पाळी माजी व्हती. मी तिला धाडलं." हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. रूथबाईंनी नुसता त्यांचा हात धरला.

आता चूक ऐका. आमच्याकडे ज्याचे दुःख त्याचे नाव घेऊन प्रार्थना करायची रीत आहे. म्हणून रूथबाईंनी ती गोष्ट चर्चचे पंच दानिएल यांच्या कानावर घातली. दानिएल मनाने सोन्यासारखे, पण चर्चवरच्या भोंग्याचा माईक हाती आला की त्यांना राहवत नसे. रविवारी, भर बाजाराच्या वेळी, त्यांनी प्रार्थना केली, "प्रभू, लेकीला विहिरीवर धाडल्याच्या दोषातून रतनबाईला सोडव!"

सगळ्या बाजाराने ते ऐकले. रतनबाई टोपली उचलून घरी गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. लिंबाखाली चिटपाखरूही फिरकेना. रूथबाई रडल्या, म्हणाल्या, "चूक माजीबी हाय."

दानिएल यांनी भोंगा उतरवला. पुढच्या रविवारी मला हातगाड्यावर घालून ते रतनबाईंच्या दाराशी आले आणि उन्हात एकटे बसून राहिले. लोक हसले. दार उघडले नाही. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही.

चौथ्या रविवारी कडी वाजली. रतनबाई बाहेर आल्या आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसल्या. दानिएल हात जोडून माफी मागू लागले, तशा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, दादा. माजं तर समद्या गावानं आयकलं. आता तुमचं सांगा. मी आयकते."

बाजारभर आवाज पोचवणारा तो माणूस रतनबाईंकडे थोडा सरकला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी आपले एक जुने दुःख सांगितले. रतनबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले.

मित्रांनो, माझा एक पाय आता डुगडुगतो. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्याजवळ बसून मन मोकळे केले, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. दानिएल यांनी त्या दिवशी काय सांगितले, ते मी अक्षर न् अक्षर ऐकले आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही.